पेटीच्या पाच काळ्या पट्ट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम झाला की दोन दिवसांनी आपल्या पानावर बातमी येते. दीपप्रज्वलन, सत्कार, आभार, सगळ्यांची नावं असतात. कोणता राग गायला, ताल कोणता होता, तबल्याला आणि पेटीला कोण बसलं होतं, हे मात्र बहुतेक वेळा नसतं. ज्याला हे गाणं कळून घ्यायचंय, त्याला नेमकं तेच हवं असतं.

"शास्त्रीय आपल्याला समजत नाही" हे वाक्य गावोगावी ऐकू येतं, ते आम्हाला पटत नाही. कार्तिकात महिनाभर काकडा चालतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लहान पोरांना तोंडपाठ असतात, झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्ररात्र नाटक रंगतं. तिथं पेटी सुरात आहे की नाही, ठेका सुटला का, हे बसलेल्यांना बरोबर कळतं. हा कान तयार कान आहे. फक्त त्याला दोन-तीन नव्या सवयी लावाव्या लागतात.

पहिली सवय मात्रा, म्हणजे तालातले सारख्या अंतराचे ठोके, मोजायची. भजनाचा ठेका ८ मात्रांचा, तीनताल १६ मात्रांचा. अंगठ्याने करंगळीपासून सुरुवात करून प्रत्येक बोटाची तीन पेरं आणि टोक मोजा. चार बोटांवर १६ होतात. टोकं सोडून नुसती पेरं मोजली की १२, म्हणजे एकताल. बोल तोंडाने म्हणा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिली मात्रा म्हणजे सम. टाळी १, ५ आणि १३ वर, नवव्या मात्रेला काल, म्हणजे बिनटाळीची जागा, तिथं हात नुसता उलटा करायचा.

भजन ऐकणाऱ्याची एक चूक इथं हमखास होते. त्याला दर आठ मात्रांनी वजन यायची सवय असते, म्हणून नववी मात्रा आली की तो तिलाच सम समजतो आणि मग सगळंच उलटं पडतं. यावर उपाय डग्ग्यात, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या घुमणाऱ्या वाद्यात आहे. दहाव्या मात्रेपासून "तिं तिं ता, ता" असं चार मात्रा डग्गा गप्प राहतो आणि चौदाव्या मात्रेच्या "धिं"ला त्याचा घुमारा परत येतो. तो परतला की धिं, धिं, धा म्हणा; पुढची मात्रा सम. हे दहा आवर्तनं, म्हणजे समेपासून समेपर्यंत दहा फेरे, जमलं की पुन्हा सहसा चुकत नाही. गायकाचा मुखडाही, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, मदतीला असतो. द्रुत (जलद) तीनतालातल्या पुष्कळ बंदिशी (बांधलेली गाणी) नवव्या मात्रेपासून उठतात, त्यामुळे तीच ओळ पुन्हा सुरू झाली की आठ मात्रांनी सम येणार हे आधीच कळतं. तिहाईत तोच तुकडा तीनदा येतो आणि बहुधा तिसऱ्याचा शेवट समेवर पडतो. पहिल्याच तुकड्याला दाद देऊन मोकळं होऊ नये.

आता मोबाइलबद्दल, कारण रात्री वावरात जागलीला बसलेला माणूस त्याच्यावरच ऐकतो. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून खालचे आवाज फारसे निघत नाहीत. डग्ग्याचा घुमारा आणि तंबोऱ्याचा खर्ज (खालचा सा), दोन्ही नाहीसे होतात आणि उरते ती तबल्याची टिकटिक. मग सगळं सारखंच वाटतं, आणि माणूस म्हणतो, मला यातलं काही कळत नाही. साधा इअरफोन लावा किंवा घरातल्या मोठ्या स्पीकरला जोडा. अर्धी अडचण तिथंच सुटते.

दुसरी सवय सा धरायची. तंबोऱ्याला साधारण चार तारा. पहिली पंचमाची (प), मधल्या दोन षड्जाच्या (सा), त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी खर्जाची. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून दहा मिनिटं नुसतं ऐकत बसा, मधूनमधून सा गुणगुणा. खर्जाची तार सुटल्यावर तिच्या गुंजनात वर बारीकसा गंधार (ग) ऐकू येतो. तो कोणी वाजवलेला नसतो, तारेतूनच निघतो. तो ऐकू आला की कान उघडला म्हणायचं.

तिसरी गोष्ट रागाची. यासाठी मंदिरातली पेटी पुरेशी आहे. सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात, दोन जवळ आणि तीन जवळ; डावीकडून त्या काळी एक ते काळी पाच. पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीन सा धरा आणि काळ्याच पट्ट्यांवर वर जा: काळी चार, काळी पाच, मग वरची काळी एक, काळी दोन, काळी तीन. हा सा रे ग प ध सां झाला, भूपाचे स्वर. त्याच पाच पट्ट्या ठेवून काळी एकला सा माना, सा रे म प ध मिळतात, दुर्गा. काळी पाचला सा माना, तर कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि येतात, मालकंस. पट्ट्या त्याच असून सा हलला की सगळी मनःस्थिती पालटते. तंबोरा सतत कशासाठी छेडायचा, याचं उत्तर या पाच पट्ट्यांत मिळतं. भाता मारणाऱ्याला सा दाबूनच ठेवायला सांगा, नाहीतर फरक कानाला लागणार नाही.

पण एवढ्यावर राग झाला असं समजू नये. भूपाचे जे पाच स्वर तेच देशकाराचे. भूपात गंधारावर भर आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारात धैवतावर (ध) भर आणि वेळ सकाळची. भूप गाताना धैवतावर फार रेंगाळलं की देशकाराची सावली पडते. (पहाटेच्या भूपाळीवरून भूप हा सकाळचा राग आहे असा गैरसमज आहे, तोही इथं निघावा.) शिवाय पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही. मालकंसातला कोमल गंधार मध्यमाला (म) लगटून झुलत येतो, पट्टी दाबून तो मिळत नाही. पेटीवर ओळख करून घ्यायची आणि पुढचं गळ्यातून ऐकायचं.

ऐकायला काय घ्यावं? एक तासाच्या विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाने सुरुवात केली की बहुतेक जण पहिल्या दहा मिनिटांत उठतात. त्यात त्यांचा दोष नाही. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते, म्हणजे आवर्तन जवळपास मिनिटाचं. नव्या कानाला एवढ्या लांबची सम धरवत नाही. आधी पाच-सात मिनिटांची द्रुत तीनतालातली चीज (बंदिश) महिनाभर रोज तीच ऐका. भूप किशोरी आमोणकरांचा, दुर्गा आणि मालकंस भीमसेन जोशींचे. रोज नवं शोधू नका. गायकाचा सा काळी तीन नसणार, म्हणून ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीचा तंबोरा ऐकून पेटीवर त्याची पट्टी शोधा. पुरुषांची बहुधा काळी एकच्या आसपास सापडते, बायकांची बरीच वर.

शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्त आहे. ख्यालाच्या बंदिशीत शब्द दोन-चार ओळींचेच, बहुधा ब्रज भाषेतले, आणि गाताना ताणलेले. अभंगात शब्दासाठी सूर येतो, इथं शब्द सुराला टेकू देतो. म्हणून शब्दांमागे न धावता बढतीवर, म्हणजे राग हळूहळू कसा उलगडतो त्यावर, लक्ष ठेवा. गायक खालच्या स्वरांपासून एकेक पायरी चढतो, गंधारावर थांबतो, पंचमाला येतो, आणि वरचा सा बराच वेळ राखून ठेवतो. तो सा कधी लागतो याची वाट बघत बसलं की अर्धा तास जड जात नाही. तो लागला की साधारण अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) सुरू होतो, आणि ताना (स्वरांच्या जलद लडी) पुढे येतात.

नाट्यगीताची आवड असेल तर डॉ. वसंतराव देशपांडे ऐकावेत. ते १९२० साली आपल्या मूर्तिजापुरात जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. त्यांची नाट्यगीतं आधी आणि त्यांचा मारवा अगदी शेवटी. मारव्यात पंचम वर्ज्य, आणि सा गायक मुद्दाम टाळत राहतो, त्यामुळे सा पक्का झाल्याशिवाय तो राग कानाला नुसता बेसूर वाटतो.

आकाशवाणीवर गाणं लागण्याआधी निवेदक कलाकार, राग आणि साथीदार सांगतात. ऐकणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या दोन वाक्यांवर तयार झाल्या. आयोजकांनी मंचावरून तेवढं सांगावं, आणि आपण बातमीत राग, ताल आणि साथीदार छापावेत, ही विनंती. जागा असेल तर आठवड्याला एक राग, त्याचे स्वर आणि पेटीवर सा कोणत्या पट्टीला धरायचा, एवढी चौकट द्यावी. पहिल्या आठवड्याला भूप, काळी तीन.

आपले,
भजनी मंडळांना पेटी-तबला शिकवणारे काही शिक्षक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती