चवथीला येत नाही, रागावू नका

बॉम्बार्राल, पोर्तुगाल

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर आईचा आवाज ऐकून मी विरघळलो असतो, म्हणून लिहितोय. फुटबॉल खेळणं थांबवलं. क्लबला सोमवारी सांगूनही झालं.

गुडघा बरा आहे, घाबरू नका. पण चौतीस वय झालं. 2021 मध्ये वर लीगा 3 ही नवी स्पर्धा काढली आणि आमची कॅम्पियोनातु लीग एका रात्रीत तिसरीवरून चौथी पायरी झाली. न हरताच घसरलो! बाबा म्हणतील, शेजारचे काल्दास क्लबवाले नोकऱ्या करून 2018 मध्ये पोर्तुगालच्या कपच्या उपांत्य फेरीत गेलेच ना? गेले, आणि मलाही वाटायचं, पुढच्या वर्षी आपण. सात वर्षं वाटत राहिलं.

मैदानावरच्या माझ्या जागेला इथे 'त्रिंकु' म्हणतात, म्हणजे दाराची कडी. गोल मारायचा नाही, नुसतं दार लावून उभं राहायचं. डिचोलीच्या घरात बाबा रात्री दोनदा कडी हलवून बघायचे, मी अंथरुणातून आवाज मोजायचो. दुसरा आवाज आला की झोप. आई, अजूनही मला दोन आवाज लागतात.

आता पेरा रोशा, म्हणजे इथल्या नासपतीच्या पॅकिंग शेडमध्ये कायमचं काम मिळालंय. देठाशी तपकिरी खरखरीत डाग असतात, तेच खरं रोशा. दुपारचं गरम जेवण तिथेच. डाळ-भात रात्री मी करतो, कुकर आहे. संध्याकाळी लहान पोरांना शिकवतो. बाबांचा जन्म 61 च्या आधीचा, गोवा पोर्तुगिजांकडे असतानाचा, म्हणून इथला पासपोर्ट मिळाला. त्यासाठी पणजीला घातलेल्या फेऱ्या फुकट गेल्या असं मनातही आणू नका.

फक्त एक. तोडणी ऑगस्टमध्ये सुरू होते आणि सप्टेंबरपर्यंत रजा मिळत नाही. चवथीला येणार नाही. शिगम्याला नक्की, तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत.

बाबा, गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधायला स्टुलावर चढायचं नाही. काकांच्या पोराला बोलवा, तुम्ही खालून ओरडा. आईने बीपीची गोळी उपासालाही घ्यायची, देव काही म्हणत नाही. न्हाणीघरातली फरशी अजून बदलली नसेल तर मी पैसे पाठवलेत ते बँकेत ठेवू नका.

इथे पाच वाजले की तिकडे साडेनऊ. तेव्हा फोन करतो. बाबा, फोन उचलल्यावर आधी दाराशी जाऊन कडी हलवा.

तुमचा,
बाबू