बाळाच्या डोसला आलेल्या आईलाही विचारा की!

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स. न. वि. वि.

महिला दिन आला की सगळीकडून तेच मेसेज सुरू होतात, स्वतःसाठी वेळ काढा, योगा करा, छंद जोपासा. काढतो हो, पण काढायचा कुठून तेही सांगा ना! 2019 च्या तुमच्याच सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषांची 97, तेही जे करतात त्यांची. वर ऑफिस, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, आणि आता मन सांभाळायचं कामही आमच्याच यादीत.

मदत अजिबात नाही असं मी म्हणत नाहीये. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, चांगली गोष्ट आहे. पण ज्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं तिथे बाई फोनवर रडणार कुठे, आणि "कोणाशी बोलत होतीस" याचं उत्तर काय देणार?

म्हणून एकच मागणं आहे. बाळाचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात, तेव्हा आई दवाखान्यात येतेच, त्यासाठी तिला घरात कुणाची परवानगी मागावी लागत नाही. बाळाचं वजन होतं, कार्ड भरलं जातं, ताप आला तर काय द्यायचं ते सांगतात आणि पुढचा नंबर. शेजारी बसलेल्या आईला झोप लागते का, उगाच रडू येतं का, हे कोणी विचारतच नाही, आणि ती स्वतःहून सांगत नाही कारण बाळ झालंय म्हणजे खूश असायला हवं ना!

यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. बाळंतपणानंतर आईला नैराश्य आलंय का ते ओळखायची एडिनबर्गची प्रश्नावली 1987 पासून आहे, दहाच प्रश्न, आई बाकावर बसल्याबसल्या भरू शकते. फक्त सोबत आलेल्या सासूबाईंना नाहीतर नवऱ्याला तेवढा वेळ बाहेर बसवा, नाहीतर सगळ्या उत्तरांत "छान आहे" येईल. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल आहे, तिथे हो आलं तर तिला नुसती चिठ्ठी देऊन घरी पाठवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी गाठ घालून द्या.

आणि कृपा करून हे काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका, त्या पण बायकाच आहेत, त्यांचंही घर आहे. यासाठी वेगळं माणूस द्या, पगार द्या, आणि बाळाच्या कार्डावर आईसाठी एक रकाना छापा.

कळावे,
एक नोकरी करणारी आई