शनिवारचा रोम वॉक : बर्निनी आणि बोरोमिनी

मंडळी, शनिवारी सकाळी ९ ला बार्बेरिनी मेट्रोच्या बाहेर, त्रितोनच्या कारंज्यापाशी जमायचंय, उशीर नको कारण दुपारी चर्च बंद होतात मग बाहेरूनच बघावं लागेल. कारंजं बर्निनीचं, १६४३ चं. बर्निनी नि बोरोमिनी म्हणजे सतराव्या शतकातले रोमचे दोन प्रतिस्पर्धी वास्तुकार. तिथून चढावर सान कार्लो, हे बोरोमिनीचं, एवढंसं चर्च पण आत गेलात की मान वर करा, अंडाकृती घुमटात क्रॉस, षटकोन, अष्टकोन असे एकमेकांत बसवलेत की नजर हटत नाही. त्याच रस्त्यावर चार पावलांवर बर्निनीचं सांत आंद्रेआ, तेही अंडाकृतीच पण सगळा गुलाबी संगमरवर नि सोनेरी थाट. मला विचाराल तर बोरोमिनीच भारी, भांडा हवं तर.

शेवट पियाझा नवोना या चौकात. तिथल्या बर्निनीच्या कारंज्यात चार नद्यांचे पुतळे आहेत, त्यात आपली गंगा पण आहे, हातात वल्हं घेतलेला दाढीवाला बुवा! समोरचं बोरोमिनीचं चर्च बघवत नाही म्हणून नाईल नदीच्या पुतळ्याने तोंड झाकलंय ही गाइड लोकांची थाप, कारंजं १६५१ ला झालं, चर्चचं काम सुरूच झालं १६५२ ला.

खांदे-गुडघे झाकणारे कपडे, चांगले बूट आणि पाण्याची बाटली आणा, नळ रस्त्यात भरपूर आहेत. येणाऱ्यांनी उद्या रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाका.