वजन तेच आहे, पण...

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वजन लग्नातल्याइतकंच म्हणजे ६१ किलो आहे, हे तुम्ही फोनवर किती कौतुकाने सांगितलंत! पण दिवाळीत तुम्ही जेवून पाटावरून उठताना एक हात जमिनीला आणि दुसरा भिंतीला लावत होतात. पँट मांड्यांवर ढगळ झाली आहे आणि पोटावर पट्टा पुरत नाही. काट्याला हे दिसत नाही. स्नायू झिजले आणि तेवढीच चरबी पोटावर चढली, तरी आकडा तोच राहतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे. दिसायला सडपातळ, पण आत चरबी. त्यात वयाने स्नायू आणखी कमी होतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, म्हणून वजन न वाढताही तुमची साखर काठावर येऊन बसली आहे.

तेव्हा काट्यापेक्षा टेप काढा. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत असावी, बायकांची ८०.

आई, आता तुझ्याशी भांडते. ‘या वयात रात्री काय खायचं’ म्हणून तू ताक-भातावर भागवतेस. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला ५५ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर पातळ वरणात ती जेमतेम चार-पाच ग्रॅम असतात. रात्री पिठलं कर, मुगाची उसळ कर, दही घट्ट घे. बाबांना सकाळी चहा-खारीऐवजी दोन अंडी दे. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) मागे थोडं वाढलं होतं, म्हणून त्यांच्या प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

रोज फिरता ते सोडू नका, पण नुसत्या फिरण्याने मांडीत ताकद येत नाही. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा आणि घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यायची. मग तोच व्यायाम, एक दिवसाआड, हळूहळू वाढवत. वय झालं म्हणू नका. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या लोकांकडून आठ आठवडे वजनं घेऊन पायांचे व्यायाम करून घेतले होते. त्याचा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मांडीची ताकद दुपटीहून जास्त वाढली होती.

खुर्ची भिंतीला टेकवूनच ठेवा. आई, गुडघा दुखला तर बैठकीवर जाड उशी घे, म्हणजे फार खाली वाकावं लागणार नाही. रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा दोघांनी माझ्यासमोर करून दाखवा.

तुमची,
मनू