पोवई नाक्याजवळच्या त्या रंगकाम कारागिरांचे आभार

साताऱ्यात घरासमोर उभ्या असलेल्या आमच्या गाडीवर गेल्या आठवड्यात रात्री कोणीतरी किल्लीसारख्या टोकदार वस्तूने दोन्ही दारांवर लांबलचक ओरखडे ओढले. वडिलांनी निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली ती गाडी. सकाळी ते तिच्याकडे पाहत नुसते उभे राहिले. एके ठिकाणी दोन्ही दारे पूर्ण रंगवावी लागतील, असे सांगण्यात आले.

पोवई नाक्याजवळच्या एका लहानशा गॅरेजमधील कारागिरांनी मात्र आधी गाडी धुतली. नख अडकत नाही तिथे फक्त वरचा पारदर्शक थर खरवडला गेला असून तो २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने आणि रबिंग कंपाउंडने सारखा होतो. पत्रा दिसतो तिथे मात्र गंज धरण्याआधी प्रायमर आणि रंग लावायलाच हवा, हे त्यांनी वडिलांचा हात हळूच धरून, त्यांचेच बोट ओरखड्यांवरून फिरवत समजावले. ही आपुलकी मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्या मदतनीस मुलाने वडिलांसाठी सावलीत स्टूल मांडले आणि न मागता चहा आणून दिला. मजुरीही त्यांनी केवळ झालेल्या कामाचीच घेतली.

दादा, तुमचे नाव विचारायचे राहून गेले. तुम्हा दोघांचे आमच्या कुटुंबातर्फे मनःपूर्वक आभार.