विषय: हॉप्स तुलना संचातली अदलाबदल, खराब सिट्रा आणि तुमचं सूचनापत्रक

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या पुण्याच्या कॉल सेंटरने आत्ताच फोन आपटला. झटापट मराठीतच झाली, तेव्हा हे पत्रही मराठीतच.

तुमच्या संचात हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, सहा जाती आहेत: साझ, ईस्ट केंट गोल्डिंग्ज, कॅस्केड, सिट्रा, मोझॅइक आणि कोलंबस, प्रत्येकी 28 ग्रॅम पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या). एकाही पाकिटावर पिकाचं वर्ष नाही, कडवटपणा ज्यातून येतो त्या अल्फा ॲसिडची टक्केवारी नाही. साझमध्ये अल्फा साधारण 3 ते 4.5 टक्के असतं, कोलंबसमध्ये 14 च्या वर. तुमच्या हिशेबात मात्र सब घोडे बारा टक्के.

साझचं म्हणून दिलेलं पाकीट उघडताच राळेचा उग्र, कांद्याकडे झुकणारा दर्प येतो. हा कोलंबस आहे. कोलंबसच्या पाकिटात मंद, गवताळ-मसालेदार साझ निवांत बसलाय. लेबलं उलटी लागली आहेत, आणि हे नुसतं वासापुरतं नाही. 19 लिटर वॉर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड रसात) 28 ग्रॅम साझ 60 मिनिटं उकळला तर कडवटपणा 12 आयबीयूच्या (कडवटपणाच्या मापाच्या) आसपास जातो. त्याच वजनाचा 15 टक्क्यांचा कोलंबस तो 50 वर नेतो. पिल्सनर ही हलकी बिअर करायला घेतलेल्या माणसाच्या हाती काढा येतो.

सिट्राचं पाकीट फुगलेलं होतं. आत हवा, पेलेट हिरव्याऐवजी तपकिरी, आंबा-लिंबू-लिचीचा मागमूस नाही. वास शिळ्या चीजचा. अल्फा ॲसिड हवेने खराब झालं की आयसोव्हॅलेरिक ॲसिड तयार होतं, त्याचा हा वास. निर्वात पाकीट आणि फ्रीझर, एवढं सांभाळलं असतं तरी हे टळलं असतं.

आता तो संवाद. रेकॉर्डिंग तुमच्याकडे असेलच, 'गुणवत्तेसाठी' करता ना! सिट्राला चीजचा वास येतोय म्हटल्यावर विचारलं गेलं, "कुठल्या चीजचा, सर?" वाटलं, चला, नोंद तरी होतेय. पुढचं वाक्य: "नाही, काही कस्टमरना आवडतं." मग होल्ड. भरपूर होल्ड. परत आल्यावर, "हॉप्स नॅचरल प्रॉडक्ट आहे, वास थोडा इकडेतिकडे होतो." लेबलांच्या अदलाबदलीवर, "पण बिअर कडूच असते ना, सर?" आणि शेवटी, "पत्रकाप्रमाणे 60 मिनिटं उकळलंत तर वास जाईल."

कृपया हे वाक्य पुन्हा वाचा. वासांची तुलना करायचा संच विकणारी कंपनी सांगते आहे, उकळा, वास जाईल!

दुर्दैव असं की फोनवरच्या बाई बरोबर बोलल्या. मिर्सीनसारखी वासाची तेलं तासाभराच्या उकळीत वाफेबरोबर निघून जातात, उरतो तो मुख्यतः कडवटपणा. सहाही हॉप्स तासभर उकळा असं छापलंच कोणी? पत्रक पुन्हा छापाल तर निदान हे छापा: साध्या, फिक्या लागर बिअरच्या 330 मिलीच्या बाटल्या थंडगार कराव्यात, प्रत्येकीत 1 ग्रॅम पेलेट टाकून लगेच नवं झाकण बसवावं, तीन दिवस ठेवून, पुन्हा थंड करून, गाळून चाखावं. बाटली कोमट असेल तर पेलेट पडताच फेस उसळतो आणि निम्मी बिअर ओट्यावर जाते. स्वतःच बिअर करायची तर एकच वॉर्ट वाटून घ्यावा. आच बंद केल्यावर तो 80 अंशांपर्यंत उतरला की हॉप्स घालून 20 मिनिटं ठेवावेत, आंबणं संपत आल्यावर लिटरला 4 ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे न उकळता थेट घातलेले हॉप्स. उकळीतला कडवटपणा सगळ्यांत सारखा राखायला अल्फाचा आकडा लागतो. तोच तुम्ही छापत नाही, हे वर लिहिलंय, तरी पुन्हा लिहितो. पिकाचं वर्षही नाही.

कॅस्केड आणि गोल्डिंग्ज चांगले निघाले. त्यामुळेच जास्त चीड येते, कारण माल कुठून घ्यायचा हे तुम्हाला कळतं, फक्त भरताना आणि ठेवताना हात वर करता.

पूर्ण पैसे सात दिवसांत परत हवेत. नाही आले तर कार्डाच्या बँकेकडे दावा जाईल आणि तपकिरी पेलेटचे फोटो तुमच्या विक्रीच्या पानावर परीक्षणात झळकतील. साझ-कोलंबसच्या त्या खेपेतल्या बाकी ग्राहकांना आजच कळवा, कोणीतरी आत्ता पिल्सनर चढवत असेल. आणि 10 टक्के सवलतीचं कूपन पुन्हा पाठवू नका.

एक (तूर्तास) ग्राहक