ओटीतल्या सिस्टरला ड्यूटीच्या वेळेतच शिकू द्या

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: शस्त्रक्रियागृहातील परिचारिकांसाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण आणि मोबाइलवरून शिकण्याची सोय.

महोदय,
सविनय नमस्कार.

सरकारी नोकरीतली माझी बहुतेक वर्षे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून रुजू झाले, परिसेविका (सिस्टर इन्चार्ज) म्हणून निवृत्त झाले. आजही माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींचे फोन येतात आणि त्या जे सांगतात ते ऐकून स्वस्थ बसवत नाही. म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा अशा जिल्ह्यांना ती मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. महाविद्यालय आले की शस्त्रक्रियेची टेबले वाढतात, शस्त्रक्रियांची यादी लांबते. सर्जन आणि भूलतज्ज्ञांची पदे कशी भरणार यावर बातम्या येतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. त्या टेबलाशी हत्यारांची ट्रॉली लावून उभी राहणारी सिस्टर कुठून येणार, हे मात्र कुणी विचारताना मी ऐकलेले नाही.

ती वॉर्डातून येते. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची तीन वर्षे किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे झालेली असतात, पण त्यात ओटीची पोस्टिंग थोड्या आठवड्यांची, आणि तीही बरीचशी मागे उभे राहून बघण्यात गेलेली. मग एक दिवस ड्यूटी लिस्टमध्ये तिच्या नावापुढे 'ओटी' लागते. पहिल्या आठवड्यात कुणी सीनिअर सोबत असली तर नशीब.

रात्रीच्या इमर्जन्सी सिझेरियनला अशी मुलगी एकटी उभी राहते तेव्हा काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. बाळ बाहेर आलेले, गर्भाशयाच्या कडांतून रक्त वाहतेय, डॉक्टर हात पुढे करून ग्रीन आर्मिटेज, म्हणजे त्या कडा पकडायचा चिमटा मागताहेत. मुलीला ते नाव फक्त पुस्तकात वाचल्याचे आठवते. ती ट्रॉलीवरून हात फिरवते, ॲलिस हा दुसराच चिमटा उचलते, परत ठेवते. डॉक्टर ओरडतात. तेवढ्यात खाली टाकलेले मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजायचे राहतात, कारण टेबलाबाहेरून सामान पुरवणारी, सर्क्युलेट करणारी सिस्टर बाळाकडे धावलेली असते. त्या रात्री बाई सुखरूप राहिली, कारण गर्भाशय शिवण्याआधी मोजणी पुरी होईपर्यंत डॉक्टर थांबले. सगळेच थांबतात असे नाही.

रुग्णाच्या पोटात काही राहू नये म्हणून मॉप, गॉज आणि सुयांची मोजणी ही ओटीतल्या सिस्टरची सर्वांत मोठी जबाबदारी. सुरुवातीला मोजायचे, फळ्यावर लिहायचे, गर्भाशय किंवा पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायचे, त्वचा शिवण्याआधी आणखी एकदा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी आणली. तिच्या शेवटच्या टप्प्यात हत्यारे, मॉप आणि सुया बरोबर आहेत हे परिचारिकेने सर्वांसमोर मोठ्याने सांगायचे असते. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली गेली, त्यात दिल्लीचेही एक होते. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही यादी आपल्याकडे केसपेपरला जोडलेली असते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया संपल्यावर एकदम भरली जाते. याचा दोष मी त्या मुलींना देत नाही. "सर, थांबा, एक मॉप कमी आहे," हे वाक्य मोठ्या डॉक्टरांना सांगायला धीर लागतो, आणि आपण मोजलेले बरोबर आहे याची खात्री असल्याशिवाय तो धीर येत नाही.

यावर उपाय आहेच, असे आपले अधिकारी सांगतील. भारतीय परिचर्या परिषदेचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. चांगला आहे, तो बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातून एका सिस्टरला वर्षभर सोडायचे, तर तिची ड्यूटी करणार कोण? मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, अर्जावर शेरा मारतात, 'मनुष्यबळ अपुरे', आणि विषय संपतो. धारणी किंवा जव्हारच्या सिस्टरसाठी घर सोडून वर्षभर शहरात राहणे आणखी अवघड. मुले, सासू-सासरे, आणि शहरातले खोलीभाडे.

म्हणून माझी मागणी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची आहे, आणि तेही तिच्याच जिल्ह्यात. वाचायचा, बघायचा, पाठ करायचा भाग मोबाइलवर. हाताने करायचा भाग जिल्हा रुग्णालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या ओटीत, एका ठरलेल्या सीनिअर सिस्टरच्या शेजारी उभे राहून.

मोबाइलवर बरेच काही उत्तम शिकता येते. सिझेरियनचा, हर्नियाचा, अपेंडिक्सचा सेट कसा लावायचा, हत्यारांची नावे आणि चेहरे, ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राला) १२१ अंशांवर किती वेळ आणि १३४ अंशांवर किती वेळ, त्यातला सामानाचा ड्रम गच्च भरला तर वाफ आतपर्यंत का पोहोचत नाही, कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट कुठे लावायची आणि कुठे लावली तर रुग्णाला भाजते. प्रत्येक विषयाचा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा, मराठीत, आपल्याच ओटीत, आपल्याच हत्यारांवर घेतलेला. परदेशी ओटीतली चकचकीत यंत्रे बघून आमच्या मुली आणखी बिचकतात. आणि तो डाउनलोड करून ठेवता आला पाहिजे. मेळघाटात रेंजची वाट बघत बसायचे का?

हात मात्र मोबाइलने तयार होत नाही. ग्लोव्ह घालताना बाहेरची बाजू विटाळली की नाही, सुई होल्डरमध्ये नेमकी कुठे धरली, डॉक्टरांनी न मागता पुढचे हत्यार हातात तयार आहे की नाही, हे शेजारी उभे असलेल्या माणसालाच दिसते. कोविडच्या काळात आपण हे अनुभवले. वॉर्डातल्या सिस्टरना थोड्या दिवसांत आयसीयू शिकवावे लागले, केंद्राच्या आयगॉट या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या व्यासपीठावर व्हिडिओ होते, ते आम्ही पाहिले आणि त्यांचा उपयोगही झाला. पण व्हेंटिलेटरचा अलार्म वाजल्यावर आधी काय बघायचे, ते त्या मुली शिकल्या आयसीयूतल्या जुन्या सिस्टरकडूनच. शिकवणाऱ्या त्या सिस्टरला ना भत्ता मिळाला, ना तिच्या कामातून एक तास कमी झाला. नव्या योजनेत असे होऊ देऊ नका. प्रशिक्षक सिस्टरची नेमणूक लेखी असावी, मानधन असावे आणि शिकवण्याच्या दिवशी तिला स्वतःच्या टेबलाची ड्यूटी लावू नये.

दुसरी भीती मला जास्त वाटते. 'मोबाइलवर आहे, घरी बघून घ्या' असे एक परिपत्रक निघेल आणि प्रशिक्षण झाले असे कागदावर दिसेल. बारा तासांची नाइट करून घरी गेलेली सिस्टर आधी डबे करते, मग तासभर डोळा लागला तर लागतो. तिने कधी बघायचे? शिकण्याचे तास ड्यूटीतच धरले पाहिजेत, आणि डेटाचा खर्च शासनाने उचलला पाहिजे. मोबाइल ओटीच्या आत न्यायचा नाही, हा नियमही त्यात स्पष्ट असावा. तो स्वच्छ नसतो, आणि टेबलावरच्या रुग्णाचा फोटो चुकूनही कुठे जाता कामा नये.

आणि शिकलेल्या मुलीला ओटीतच राहू द्या. दर काही महिन्यांनी ड्यूटी बदलण्याच्या पद्धतीत ती नीट तयार होते न होते तोच बालरोग विभागात जाते, आणि ओटीत पुन्हा नवी कोरी मुलगी येते. प्रशिक्षणानंतर किमान दोन वर्षे तिची ओटीतून बदली करू नये. तिच्या प्रमाणपत्राला महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणाचे गुण मिळावेत, आणि पुढे डिप्लोमा करायचा झाला तर हे तीन महिने त्यात धरले जावेत यासाठी केंद्राच्या परिषदेशी बोलावे.

यात एक अडचण आहे, ती आपल्याला ठाऊक असेलच. नर्सिंगचे शिक्षण आपल्या विभागाकडे, आणि जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतल्या सिस्टर सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. फाइल या दोन विभागांमध्ये अडकली की वर्ष निघून जाते. आरोग्य मंत्र्यांसोबत एक बैठक घ्या, आणि त्या बैठकीला सचिवांबरोबर ओटीत काम करणाऱ्या चार सिस्टरनाही बोलवा, त्यातली एक तरी ग्रामीण रुग्णालयातली असावी. सुरुवात दहा नव्या महाविद्यालयांपैकी दोन ठिकाणी केली तरी चालेल. माझी सूचना गडचिरोली आणि हिंगोलीची. शिकवायला कुणी मिळत नसेल, तर माझ्यासारख्या निवृत्त परिसेविका राज्यात सगळीकडे आहेत. बोलावले तर आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका (शस्त्रक्रियागृह)